कोरीनचा कोल्हा

माझ्या कोल्ह्याला नावं ठेवणारा माणूस मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा.

फेब्रुवारीतली दुपार. बाहेर सुएत सुटला होता. डोंगरावरून समुद्राकडे धावत सुटणाऱ्या आमच्याकडच्या आडदांड वाऱ्याचं हे नाव. तो सुटला की आमच्या शेटिकँप गावातली शहाणी माणसं घरात बसतात आणि गाडी भिंतीच्या आडोशाला लावतात. अशा दिवशी गालिच्यांच्या दुकानात कोण फिरकणार? मी मागच्या खोलीत लोकरीच्या लडी लावत बसले होते. तेवढ्यात दार धाडकन उघडलं, धाडकन मिटलं. बाहेर येऊन बघते तर एक उंच माणूस... कमरेला दोर, पट्ट्यात हातोडी, केसांत बर्फाचा चुरा. आणि तो माझ्या गालिच्यासमोर उभा!

चार महिने खपून भरला होता मी तो. गोणपाट चौकटीवर ताणायचं आणि आकडीनं खालून लोकरीचा एकेक फास वर ओढायचा, असे लाखभर फास. नेच्याच्या पानांत मुटकुळं करून झोपलेला लाल कोल्हा, शेपटी नाकावर. नव्या सभागृहाच्या मोठ्या भिंतीसाठी कमिटी एक नमुना निवडणार होती, आणि हाच निवडला जाणार असं सगळं गाव म्हणत होतं. फोनवर त्याच्या फोटोला अकरा हजार लाइक मिळाले होते. अकरा हजार! आमच्या गावात माणसंसुद्धा एवढी नाहीत.

"अरेच्चा," तो माणूस स्वतःशीच म्हणाला, "हा तर हॅलिफॅक्सला माझ्या दातांच्या डॉक्टरकडे आहे."

"काय म्हणालात?"

तो वळला. डोळे करडे, नाक वाऱ्यानं लाल झालेलं. "हा कोल्हा. तिथे उशीवर आहे. शेपटी अशीच नाकावर. आणि डोक्याशी ही तीन पानं."

"हा हातानं भरलाय," मी दात खाऊन म्हटलं. "चार महिने लागलेत."

"भरलाय सुरेखच. भरण्याबद्दल मी कुठे बोलतोय? मी कोल्ह्याबद्दल बोलतोय."

"कोल्हा काय... कोल्हा सगळीकडे सारखाच असतो!"

"असतो?" त्यानं खरंच विचार केल्यासारखी मान कलती केली. "तू पाहिलायस कधी झोपलेला कोल्हा?"

नव्हता पाहिला. तो अगदी मनापासून विचारत होता, आणि माझा जास्त संताप झाला तो त्याचाच.

"तुम्ही छप्पर बघायला आलात ना?" मी म्हटलं. "छप्पर वर असतं."

तो हसला. मोठ्यांदा, मान मागे टाकून. मला हातातली लड त्याच्या तोंडावर मारावीशी वाटली.

"कोणाची गं तू?" त्यानं विचारलं.

आमच्याकडे नावापेक्षा हे आधी विचारतात. "जोच्या प्लासीदची कोरीन. आणि आपण?"

"विलीच्या आमेदेचा ऑरेल. नऊ वर्षं तिकडे पश्चिमेला अल्बर्टात कामाला होतो, दिवाळं न काढता परत आलोय, आता छपरं शाकारतो. आणि मला तुम्ही म्हणू नकोस, म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

"बरं," मी म्हटलं. "तर तुम्ही शिडी मागून घ्या."

* * *

घरी येऊन मी फोन घेऊन बसले. झोपलेला कोल्हा... लोकरीतला कोल्हा... आणि आलेच की ते! एक, दोन, दहा, चाळीस. उशांवर, कपांवर, पिशव्यांवर, तान्ह्या मुलांच्या दुपट्यांवर. सगळे झोपलेले, सगळ्यांची शेपटी नाकावर. मी दोन वर्षांपूर्वी कुठला तरी एक पाहून जपून ठेवला असणार आणि पुढे तो मला माझाच वाटायला लागला असणार. मी बोट सरकवत राहिले, कोल्हे येत राहिले. मग सुएतनं कुठली तरी तार तोडली, घरातली वीज गेली. थोड्या वेळानं फोनही मान टाकून बसला.

"तुझं तोंड का असं?" झेली मावशीनं चुलीशी बसल्या बसल्या विचारलं. आई-बाबा माँक्टनला राहायला गेल्यापासून मी तिच्याकडेच राहते. आकडी धरायला तिनंच शिकवलं मला. आता संधिवातानं तिचीच बोटं वाकडी झालीत, पण जिभेला काही झालेलं नाही.

मी सगळं सांगितलं. दातांच्या डॉक्टरासकट.

मावशीनं कोंबडीच्या रश्श्यावरचं झाकण काढलं, ढवळलं, परत ठेवलं. "खरं बोलला म्हणून मारायचं का त्याला?"

"मावशी, तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"ऐक. माझ्या आईच्या काळी बाहेरच्या पैसेवाल्या बायका नमुने पाठवायच्या आणि तसेच गालिचे विकत घ्यायच्या. पेटीतून. गुलाब, नुसते गुलाब! आईनं जन्मात गुलाबाचं झाड पाहिलं नव्हतं. इथे या वाऱ्यात टिकतंय कुठे? पण भरले तिनं. डोळे जाईपर्यंत भरले. बाई गं, तुला काय भरायचंय, असं तिला कोणी एकदाही विचारलं नाही." तिनं चमचा माझ्याकडे रोखला. "तिच्या मागं सात पोरं होती. तिला ते करावं लागलं. तुझा नमुना आता पेटीऐवजी फोनातून येतो. तुझ्यावर कोणी जबरदस्ती केलीय गं?"

मी ताटावरून उठले. रश्श्यात भरपूर बटाटे होते आणि मला फार भूक लागली होती, हे लक्षात आल्यावर परत बसले. पण रागातच जेवले.

चौथ्या दिवशी बर्था काकूंनी मला दुकानात बाजूला घेतलं. दुकान त्याच सांभाळतात आणि कमिटीच्या अध्यक्षही त्याच. बोटातली अंगठी फिरवत म्हणाल्या, "कोरीन, कोल्हा गोड आहे गं. पण कमिटीला आणखी काहीतरी हवंय. मी-कारेम झाल्यावरच्या रविवारपर्यंत दुसरं काही आणशील?"

"काहीतरी म्हणजे काय?"

"ते आम्हाला माहीत असतं तर..." काकू ओशाळं हसल्या.

मी-कारेमला, म्हणजे आमच्या सोंगांच्या सणाला, सोळा दिवस होते. मी गालिचा भिंतीवरून काढला, गुंडाळला, आणि काखेत मारून बाहेर पडले. समोरच्या सभागृहाच्या छपरावर ऑरेल पत्रे ठोकत होता. मला पाहून त्यानं हातोडी थांबवली.

"काय झालं?"

"काही नाही!" मी खालून ओरडले. "कोल्हा नको झालाय लोकांना. आता तुम्हीच दाखवा खरा!"

मी टोमणा मारला होता. तो मात्र सरळ शिडीवरून खाली उतरला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, लाजल्यासारखं, चोरी पकडल्यासारखं... तेव्हा मला कळलं नाही. "चल," तो म्हणाला. "एक माहितीतला आहे."

* * *

माशांच्या कारखान्यामागे पेटाऱ्यांची रास आहे. शेवंड पकडायचे लाकडी पेटारे, हिवाळाभर तिथे रचून ठेवतात. त्यांच्या आड आम्ही अर्धा तास पोटावर पडून होतो. माझे पाय बधिर झाले. "आता आला नाही ना..." असं मी म्हणणार, तेवढ्यात ऑरेलनं माझ्या बाहीला हात लावला. नुसता लावला.

कोल्हा आला. हडकुळा. एक कान फाटलेला, शेपटी झडलेली, तोंडात हेरिंग माशाचं मुंडकं. रंग लाल कुठला, गंजलेल्या पत्र्यासारखा! थबकून त्यानं आमच्याकडे पाहिलं, असं रागानं, असं तुच्छतेनं पाहिलं, की बाई गं... आमच्या बर्था काकूसुद्धा उधारीवाल्याकडे तसं बघत नाहीत. आणि चालता झाला.

मला हसू आलं. इतकं, की हातमोजा तोंडात कोंबावा लागला.

"याला कोणी उशीवर घेणार नाही," मी म्हटलं.

"हो ना," ऑरेल म्हणाला. तो कोल्ह्याकडे बघतच नव्हता. "तू हसतेसही वाटतं."

"क्वचित. तुम्ही सवय लावून घेऊ नका."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात. "समुद्रावर बर्फ आलाय. बघायचाय?"

"बर्फ जन्मापासून बघतेय मी."

"बघतेस की नुसता असतो तो तिथे?"

हा माणूस असंच बोलायचा, आणि दर वेळी माझ्या डोक्यात जायचा. पण मी गेले. गोठलेल्या लाटा किनाऱ्यावर एकमेकींवर चढल्या होत्या. त्यांच्या फटीत मला हिरवा रंग दिसला, बाटलीच्या तळाचा असतो तसा. मग निळा. मग एके ठिकाणी चक्क पिवळट, जुन्या दातासारखा. मी चर्चच्या पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीनं काहीबाही ओढलं. बोटं वळेनात, तर त्यानं स्वतःचा हातमोजा काढून माझ्या हातावर चढवला, आतून ऊबदार असलेला, आणि आपला हात खिशात घातला.

"काय काढलंयस?"

"बघू नका. बटाटे दिसतायत."

"छान बटाटे आहेत."

असे दहा दिवस. दोरीवर गोठलेले कपडे, त्यातला एक शर्ट हात वर करून शरण आल्यासारखा. घरांच्या पाठी, कारण पुढून सगळे रंगवतात आणि पाठीला जो रंग उरलाय तो लावतात. जाळ्यांच्या गाठी. वाऱ्यात तिरपी वाढलेली झाडं, सगळी एकाच बाजूला केस विंचरल्यासारखी. फोन मी घरी ठेवून जायला लागले होते. आधी रागानं, मग विसरून.

पाचव्या दिवशी सुएत परत सुटला. समुद्राकाठच्या रस्त्यावर मला पावलं टाकता येईनात. ऑरेलनं हात पुढे केला, मी धरला नाही. वाऱ्यानं मला सरळ उचलून त्याच्या अंगावर फेकलं.

"हा वारा तुझ्यापेक्षा समजूतदार आहे," तो माझ्या कानाशी म्हणाला.

"गप्प बस," मी म्हटलं.

"बस? बसा नाही?"

मी लाल झाले असणार. बरं झालं, वाऱ्यात सगळ्यांचीच तोंडं लाल असतात. त्यानं माझ्या केसांतून लोकरीचा एक धागा हळूच काढला, बराच वेळ लावून काढला. मग तो धागा त्यानं टाकला नाही, खिशात ठेवला. मी पाहिलं ते. पाहिलं नाही असं दाखवलं.

* * *

आणि मग आला तो सोमवार.

दुकानात बर्था काकू लडींवर चिठ्ठ्या लावत होत्या. मी त्यांना माझे बटाटे दाखवत होते. आता ते बर्फासारखे दिसायला लागले होते. काकू खूश झाल्या. इतक्या खूश, की म्हणाल्या, "बाई गं, ऑरेलनं वेळेवर सांगितलं नसतं ना, तर आम्ही तो कोल्हाच लावून बसलो असतो भिंतीवर! ठरलंच होतं की आमचं!"

"ऑरेलनं... काय सांगितलं?"

काकूंचा हात चिठ्ठीवर थांबला. "तुला... तो बोलला नाही?"

मी कोट घातला नाही. तशीच रस्ता ओलांडला. तो सभागृहाच्या छपरावर होता, पाठ करून, शीळ घालत. शीळ!

"ऑरेल!"

तो वळला, हसला. माझा चेहरा पाहून हसू विरलं.

"कमिटीला तू सांगितलंस? कोल्हा उचललेला आहे म्हणून?"

"कोरीन, थांब. बर्था काकूंनी विचारलं, नमुना कसा वाटतो. मी तुला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. तुला तर तोंडावर सांगितलं होतं मी."

"मला सांगितलंस, ते ठीक! पण मला सांगणं वेगळं आणि माझ्या पाठीमागे गावाला सांगणं वेगळं! माझी भिंत गेली आणि मला कारणसुद्धा कळलं नाही! दहा दिवस माझ्या शेजारून चालत होतास. एकदा तोंड उघडावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. रोज वाटलं." तो छपराच्या कडेला आला. "भीती वाटली."

"मग ते सगळं काय होतं? तो कोल्हा, तो बर्फ, ते कपडे? उपकार? पापाचं प्रायश्चित्त?"

त्यानं हातोडी पट्ट्यात खोचली. मग म्हणाला, "सुरुवातीला..."

पुरे झाला मला तेवढा एक शब्द. मी शिडी धरली आणि ओढली. ती बर्फात आडवी पडली, धप्पकन.

"कोरीन! शिडी!"

"विचार करा वर बसून," मी म्हटलं. "वारा समजूतदार आहे ना? तो सोबत करील तुम्हाला."

पाद्रीबाबा चाळीस मिनिटांनी तिकडून गेले तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. पोस्टातल्या बाईनं मला पाहून टाळी वाजवली. मला मजा वाटली नाही. मी कोल्ह्यासाठी रडले नाही, भिंतीसाठी रडले नाही, त्या 'सुरुवातीला'साठी रडले. आणि रडू आलं याचाही राग आला.

* * *

मी-कारेम म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा मध्य. वर्षातले तेवढे काही दिवस आमचं सगळं गाव सोंगं घेऊन घरोघर फिरतं. तोंडावर मुखवटा, अंगावर कोणाचेही कपडे, पुरुष बायका होतात, बायका पुरुष. बोलायचं ते श्वास आत ओढत, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. घरच्यांनी ओळखायचं. नाव घेतलं की मुखवटा काढायचा आणि मग काहीतरी गोड खायला, काहीतरी कडक प्यायला मिळतं.

"मी नाही जाणार यंदा," मी मावशीला सांगितलं.

"नको जाऊस. पण हातात काहीतरी घे. तीन दिवस नुसती येरझारा घालतेयस, माझी चटई झिजली."

मी गोणपाटाचा तोंडाएवढा एक तुकडा घेतला. काढलं काहीच नाही, कोळशाची एक रेघसुद्धा नाही. सरळ आकडी मारायला लागले. आधी हिरवा, फटीतला. त्याला चिकटून तो घाणेरडा पिवळा. कपाळावर पेटाऱ्यांच्या फळ्या, आडव्या-उभ्या, गंजाच्या रंगात. गालांवर हेरिंगचा चंदेरी. केस सगळे एका बाजूला, वाऱ्यात तिरपे. तोंड उघडं... ओरडणारं. फास एकसारखे आले नाहीत, कुठे उंच, कुठे घट्ट. मी सोडवले नाहीत. दोन दिवस मी तेवढंच केलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो मुखवटा माझ्याकडे बघत होता.

मावशी दाराशी येऊन उभी राहिली. चाळीस वर्षं गालिचे भरलेली बाई ती. मग तिनं वाकड्या बोटांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

"हा कुठून आणलास?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "चल, कपडे कर. मी नवरी होणार आहे."

एकाहत्तर वर्षांची नवरी, गुडघ्यात दुखणारी, तोंडाला पडद्याचं कापड. बरोबर मी, बाबांचा मासेमारीचा पिवळा रेनकोट, मोठे बूट, लोकरी हातमोजे, आणि तो मुखवटा. बर्था काकूंच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं आणि दहा-बारा माणसांचा गलका एकदम थांबला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

चुलीशेजारच्या खुर्चीत ऑरेल बसला होता. मावशीला माहीत होतं. तिला नक्की माहीत होतं!

"अगं बाई," मावशी श्वास आत ओढत, चिरक्या आवाजात त्याला म्हणाली, "छपरावरचा नवरदेव! शिडी सापडली का रे?"

सगळं घर हसलं. तोही हसला, पण उदास. "सापडली."

"असली कसली मुलगी ती! माणसाला थंडीत टांगून जाते? पोलिसांत दे तिला."

"नको," तो म्हणाला. "तिचं बरोबर होतं."

"काय बरोबर? खरं तर बोललास तू!"

"खरं बोलायला काय लागतं? ते मी तिच्यामागं दुसऱ्यांना बोललो आणि तिच्यापुढं गप्प बसलो." त्यानं हातातला पेला फिरवला. "पहिल्या दिवशी मला अपराधी वाटत होतं, म्हणून तिला घेऊन गेलो. ते खरंय. मग कोल्हा पाहून ती हसली... आणि दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून गावभर फिरायचो. आज हिला काय दाखवू, आज हिला काय दाखवू. नऊ वर्षं गाव सोडलं होतं. हे गाव मी परत पाहिलं ते तिच्यासाठी शोधताना. पण तिनं विचारलं तेव्हा मी 'सुरुवातीला'च्या पुढे जाऊच शकलो नाही."

"शिडी ओढली ना तिनं मध्येच," कोणीतरी म्हणालं, आणि परत हशा.

मी हसले नाही. मुखवट्याच्या आत लोकर टोचत होती, डोळ्यांतलं पाणी तिच्यात मुरत होतं, आणि श्वास आत ओढायचा की बाहेर सोडायचा तेच कळेना.

"आणि ही दुसरी कोण?" बर्था काकू माझ्याभोवती फिरल्या. "हे तोंड... हे कोणी केलं? जोझेफची मुलगी? नाही... पोस्टातली?" एकेक नाव येत गेलं. मी मान हलवत राहिले. कोणालाच ओळखता येईना.

ऑरेल उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आधी हिरव्याकडे पाहिलं, मग त्या फळ्यांकडे, चंदेरीकडे, तिरप्या केसांकडे. एकेक बघत गेला, आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

"मला माहीत आहे ही कोण," तो म्हणाला.

"मग घे की नाव!" सगळे ओरडले.

"नाही."

"म्हणजे काय? नियम आहे!"

"नाव घेतलं तर तिला मुखवटा काढावा लागेल." तो माझ्याशीच बोलत होता, हळू. "तिच्याबद्दल एकदा मी तिच्या पाठीमागे लोकांना सांगून बसलोय. आता नाही. सांगायचं तर तीच सांगेल. नाही तर नाही."

चुलीत लाकूड फुटलं.

मी-कारेमच्या दिवशी नाव घेतल्याशिवाय आपणहून कोणी मुखवटा काढत नाही. मी काढला. केस विस्कटलेले, नाक वाहतंय, गालावर लोकरीचे वळ.

"मी अजून रागावलेली आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"खूप."

"दिसतंय. मुखवट्यातसुद्धा दिसतंय."

"आणि मला तू आवडतोस." आवाज मोठा झाला, मला आवरता आला नाही. "त्याचाही राग आहे मला! कोणी सांगितलं होतं तुला धागा खिशात ठेवायला?"

त्यानं खिशात हात घातला आणि तळहात उघडून पुढे केला. धागा अगदी एवढासा होता. मी तो घेतला नाही. त्याची बोटं मिटवली, आणि मिटलेली मूठ माझ्या दोन्ही हातमोज्यांत धरली.

"अगं बाई!" नवरीनं डोळे पुसले, पडद्याच्याच कापडानं. "मला कोणी ओळखणार आहे का नाही? मला तहान लागलीय!"

"झेली!" सगळं घर एका सुरात ओरडलं.

गलका परत सुरू झाला. साखर-साईच्या वड्यांची ताटली फिरली. बर्था काकूंनी मुखवटा दिव्याखाली धरला होता, उलटा-सुलटा करून बघत होत्या. मग त्यांनी मला हाक मारली. "कोरीन, हे भिंतीएवढं होईल? असे पंधरा-वीस जण, वाऱ्यातून चालत येणारे?"

"होईल," मी म्हटलं. "पण वर्ष लागेल. आणि नमुना आधी कोणाला दाखवणार नाही. फोनवर तर नाहीच. कमिटीनं विश्वास ठेवायचा."

"काहीच न बघता?"

"काहीच न बघता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मुखवट्याकडे पाहिलं. "चालेल," त्या म्हणाल्या.

परतताना वारा पडला होता. रस्त्यावर ठिकठिकाणी सोंगं चालली होती. कोणी अस्वल, कोणी नन, कोणी बायकोच्या गाऊनमधला कोळी. झेली मावशी लंगडत पुढे चालली होती. मी मुळीच मागे बघणार नाही हं, असं ओरडून सांगत होती, आणि दर दहा पावलांनी वळून बघत होती.

"उद्या काय बघायचं?" ऑरेलनं विचारलं.

"उद्या तू काही दाखवायचं नाहीस. उद्या सकाळी ये. मोठी चौकट माडीवरून खाली आणायचीय, जड आहे. गोणपाट ताणायला दुसरा माणूस लागतो. आणि बडबड करायची नाही."

"एक शब्दही नाही?"

मी थांबले. मावशी नेमकी तेव्हाच वळून बघत होती. बघू दे! मी दोन्ही हातांनी त्याच्या कोटाची कॉलर धरली, त्याला खाली ओढलं आणि त्याचं तोंड बंद केलं.

"असली कसली मुलगी ती!" पुढून मावशीचा आवाज आला, खणखणीत, आनंदानं भरलेला.